हौदबागेतला नाग

शिट्टी वाजली तेव्हा चतुराबाई हवेत होती. अगदी उडत होती असं नाही. लहान मुलांच्या झोक्यावर होती, आणि झोका पुढं जाऊन परत फिरण्याआधी जरासा थबकतो ना, नेमकी त्या थबकण्यात होती. साठी ओलांडलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत साखळ्या, डोळे मिटलेले. चपला खाली वाळूत, देवळाबाहेर काढाव्यात तशा एकीला एक लावून ठेवलेल्या. सकाळचे सात वाजले होते. गिरिधरनं शिट्टी फुंकली ती काही विचार करून नाही. बागेत कुणी आनंदानं काही करताना दिसलं की त्याचा हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडं जायचा. शिवाय पाटी होती, त्यानंच रंगवून घेतलेली, पिवळ्यावर काळी: बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोक्यावर बसू नये.

झोका खाली आला. चतुराबाईनं टाचा वाळूत रोवून तो थांबवला. लाजली नाही, चिडली नाही. एकेक चप्पल पायात सरकवत म्हणाली, "फुका साहेब, फुका. आमचा झोका तर तुमच्या नागानं कधीच गिळला. आता लेकरांच्या झोक्यावरचा एक घास चाखला, तर त्यालाबी शिट्टी." आणि पदर सोडून, तो डोक्यावर घेऊन, फाटकाच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली. घाई नाही की मागं वळून बघणं नाही.

शिट्टीतला मणी अजून आत गरगरत होता. गिरिधरनं ती बोटांनी दाबून धरली. तुमच्या नागानं, असं म्हणाली बाई. हिला कसं कळलं? की उगीच म्हणाली, बागेतली प्रत्येक गोष्ट साहेबाचीच असते म्हणून? नळाला पाणी नसलं की तुमचा नळ, बाक मोडलं की तुमचं बाक, तसा तुमचा नाग. असंच असणार. 

हे शहर जालना जिल्ह्यातलंच. नाव सांगत नाही, कारण त्याला शहर म्हटलं तर लाज वाटते आणि गाव म्हटलं तर राग येतो. त्याला पाच बागा आहेत. चार कागदावर, आणि पाचवी ही हौदबाग. मधोमध दगडी हौद, त्याच्याभोवती गिरिधरनं लावलेली, जेमतेम तग धरलेली हिरवळ, आणि पार पश्चिमेच्या कोपऱ्यात एक चिंच. चिंचेचं वय कुणी दीडशे सांगतं कुणी तीनशे. ती स्वतः काही बोलत नाही. तिची एक फांदी जमिनीला समांतर अशी बाहेर आलेली, एखाद्या म्हाताऱ्यानं नातवाला लोंबकळायला हात पुढं करावा तशी. खोडाला माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर ढोली. आणि गिरिधरच्या हातच्या सत्तावीस पाट्या. गवतावर चालू नये. फुले तोडू नयेत. हौदात हात घालू नये. बाकावर आडवे होऊ नये. पाटीस टेकू नये. फिरायला येणारी माणसं आधी पाट्या वाचण्यातच दमून जात आणि मग फिरायचं राहून जाई, असं कडूबा माळी म्हणायचा. कडूबा खोटं बोलत नसे, फक्त थोडं मोठं बोलत असे.

नाग एकोणीस वर्षांचा होता. त्याचा जन्म गिरिधरच्या तोंडून झाला. तो तेव्हा नवा नवा उद्यान निरीक्षक. अंगात हुरूप, डोक्यात पुण्याच्या बागा. हौदबागेत त्यानं पहिल्यांदा हिरवळ धरली. पाणी घालून घालून, गुडघ्यावर बसून एकेक हराळीची काडी लावून. जिल्ह्याचे मोठे साहेब ती बघायला येणार होते. आणि त्याच्या आदल्या दिवशी आली पंचमी. सकाळपासून बाया यायला लागल्या. गवळीपुऱ्यातल्या, स्टेशनामागच्या, नव्या वसाहतीतल्या. चिंचेच्या त्या फांदीला जाड चऱ्हाट बांधलं, आणि संध्याकाळपर्यंत सत्तर-ऐंशी जणी झोके घेऊन गेल्या. हसणं हौदापलीकडं ऐकू जात होतं. हिरवळीचा चिखल झाला. गिरिधरनं दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता विळा घेऊन फांदीवर चढून ते चऱ्हाट कापलं. त्याचं पुढं काय केलं ते मात्र त्याला आता आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त विळ्याचा आवाज, खर्र खर्र, आणि शेवटचा पीळ तुटला तेव्हा फांदी एकदम वर उचलली गेली, सुटका झाल्यासारखी. का सुटका त्याची स्वतःचीच झाली होती? मोठे साहेब काही त्या दिवशी आलेच नाहीत.

पण पुढच्या पंचमीला बाया परत दोर घेऊन येणार हे उघड होतं. पाटीनं बाया थांबत नाहीत एवढं त्याला कळलं होतं. मग एका दुपारी कडूबाला तो सहज म्हणाला, "काल ढोलीत नाग बघितला बरं का. हा एवढा." आणि हात पसरले. कडूबाला सांगितलं की वेगळी दवंडी द्यावी लागत नसे. दोन हातांचा नाग आठवडी बाजारापर्यंत जाता जाता पाच हातांचा झाला. दुसऱ्या वर्षी त्याला मिशा फुटल्या. चौथ्या वर्षी नागीण आली, आणि सातव्या वर्षी तर तो हौदाजवळच्या नळावर येऊन पाणी पिऊन, नळ बंद करून गेला असं बघणारे तीन साक्षीदार निघाले. गिरिधरला त्या वेळी बरंच वाटलं. बागेत रोज येणाऱ्या माणसांना जे शिकवता आलं नव्हतं ते निदान एका नागाला तरी जमलं.

चूक एकच झाली, आणि ती केदारखेड्यासारख्या खेडेगावात वाढलेल्या गिरिधरनं करायला नको होती. पंचमीला नागाच्या भीतीनं बाया येणार नाहीत असं त्यानं धरलं होतं. त्या वर्षी दोर घेऊन कुणी आलं नाही हे खरं. पण दुधाच्या वाट्या, लाह्या, हळदकुंकू घेऊन शंभरावर आल्या. नागाला दुरून हात जोडायला हिरवळीवरच रांग लागली. हिरवळ गेली ती गेलीच, आणि झोकाही गेला. ज्याचं घर आहे त्याच्या डोक्यावर बसून पाय कोण हलवणार? त्या कोपऱ्यात मग वर्षभर कुणी फिरकेना. गवत कमरेएवढं वाढलं. कडूबा खुरपं तिकडं नेईना. गिरिधरनंही आग्रह धरला नाही. का धरला नाही ते त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

आणि आता बागेचं सुशोभीकरण निघालं होतं. नकाशा आला होता. फरशीचा रस्ता, व्यायामाची लोखंडी यंत्रं, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात सपाट काँक्रीट करून त्यावर शहराच्या नावाची लाल अक्षरं, शेजारी उभं राहून फोटो काढायला. चिंच नकाशात नव्हती. सकाळी फिरणाऱ्या चाळीस जणांनी सही करून अर्ज दिला होता: बागेत सर्पभय असून नागदेवतेस सन्मानपूर्वक अन्यत्र हलवून सदर झाड काढण्यात यावे. पहिली सही राधेश्यामशेठची, बागेला सर्वांत जास्त फेऱ्या मारणाऱ्या माणसाची. खोडावर पालिकेची नोटीस डकवलेली होती, सात दिवसांत हरकत असल्यास लेखी कळवावी. आज सातवा दिवस. अकरा वाजता ज्युनियर इंजिनिअर तृप्ती मॅडम पांढऱ्या फक्कीनं आखणी करायला येणार होत्या. हरकत कुणाचीही आली नव्हती. नाग नाही हे ठामपणे सांगू शकेल असा शहरात एकच माणूस होता, आणि त्याला निवृत्त व्हायला सात महिने राहिले होते.

गिरिधर हौदाच्या कठड्यावर बसला. टेकू नये अशी पाटी पाठीला टोचत होती. चिंच वाचावी असं त्याला वाटत होतं का? सहा दिवस तो हेच विचारत होता आणि सहा दिवस उत्तर देत होता, एक झाड, जाऊ दे. पण सकाळी चतुराबाई त्या बुटक्या झोक्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून... ती डोळे का मिटत होती? केदारखेड्याला त्याची थोरली बहीण, दैवशाला आक्काही डोळे मिटायची. मारुतीच्या पाराजवळचा लिंब, त्याला बैलाच्या कासऱ्यांचा पिळून केलेला दोर. गिरिधर नऊ वर्षांचा, आक्का बारा. ती म्हणायची, दे की जोरात, जेवला न्हाईस का? आणि तो दोन्ही तळहात तिच्या पाठीवर ठेवून रेटायचा. पाठीची ऊब, नव्या परकराचा खळीचा वास. एकदा त्यानं जीव खाऊन रेटा दिला, आणि झोका रिकामाच परत आला. एवढंच. रिकामी फळी त्याच्या छातीशी येऊन थडकली. आक्का पलीकडं मातीत पडली होती, हाताचं मनगट नको त्या बाजूला वळलेलं. ते तसंच राहिलं, आजपर्यंत. तिनं त्या हातानं भाकरी थापली, तीन लेकरं वाढवली, आष्टीत निम्मं आयुष्य काढलं, आणि दर राखीला गिरिधर ते वाकडं मनगट बघायचा आणि नजर दुसरीकडं न्यायचा. पंचमीला तो तिला न्यायला कधी गेला नाही. इथं कुठं बांधायचा झोका, फ्लॅटच्या गॅलरीत? असं म्हणायचा.

फोन त्यानंच लावला. का लावला ते सांगता यायचं नाही.

"बोल रे गिरू. सकाळी सकाळी? घरी रजनी बरी हाय ना?"

"बरी आहे. आक्का, एक विचारू? तो लिंबाचा झोका... मी फार जोरात रेटलं होतं."

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. "कोणता? हात मोडला तो?"

"हां."

"अन् तू अजून तेच घेऊन बसला? अरे येड्या, तुझ्या रेट्यानं काय व्हतंय, काडीएवढा व्हता तू. मीच सोडले हात."

"सोडले?"

"मुद्दाम सोडले. वर गेल्यावर हात सोडले तर काय व्हतं ते बघायचं व्हतं." आक्का हसली, त्या बारा वर्षांच्या पोरीचंच हसू, आतून बाहेर सांडणारं. "लई भारी वाटलं व्हतं गड्या, पडेपर्यंत. आईला सांगितलं असतं तर अजून मार बसला असता, म्हणून बोलले न्हाई. मंग तू कधी विचारलंच न्हाई. बरं, पंचमीला न्यायला येणार का यंदा, का मी आपली येऊ एसटीनं?"

तो काहीतरी बोलला असेल. फोन खिशात गेला तरी हात कानाशीच होता. हौदातलं पाणी हिरवं होतं आणि त्यात ढग सरकत होते. अठ्ठेचाळीस वर्षं त्याच्या तळहातांत एक पाठ होती, आणि ती पाठ हसत हसत निघून गेली होती. मागं राहिले नुसते तळहात. म्हणजे या सत्तावीस पाट्या? ही शिट्टी? त्या दिवशी पहाटे विळा चालवला तो हिरवळीच्या काळजीनं असं तो आजवर स्वतःला सांगत आला होता. हिरवळ तर त्याला नंतर कधी नीट धरताही आली नाही. एखाद्या माणसानं आयुष्यभर छत्री घेऊन फिरावं आणि कुणीतरी त्याला सांगावं, बाबा, त्या दिवशी पाऊस नव्हता, मीच वरून लोटाभर पाणी ओतलं होतं. हसावं की छत्री मोडावी? त्याला एकदम भूक लागली. कडूबाच्या डब्यातली थालीपिठाचा तुकडा मागून त्यानं तो उभ्या उभ्या खाल्ली, आणि चतुराबाईच्या बाकाकडं गेला.

"मावशी," तो म्हणाला, "मघाशी माझा नाग म्हणालात."

"मंग कोणाचा?" चतुराबाई शेंगा सोलत होती. कचरा मात्र पदरात. "तुम्ही यायच्या आधी न्हवता, तुम्ही आल्यावर आला. तुमच्यासंगं बदली होऊन आला असंल, असं आम्ही म्हणतो."

"म्हणजे तुम्हाला खरं वाटतं, आहे म्हणून?"

"मी कशाला खोटं बोलू? मी सोता बघितला. दोनदा. एकदा फडी काढून व्हता, एकदा निवांत." तिनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. "साहेब, आमच्या ज्या बायांना माहेरून न्यायला कोणी येत नव्हतं ना, कोणाचे मायबाप गेल्ते, कोणाच्या भावजया तोंड फिरवायच्या, त्या समद्या पंचमीला या चिंचेखाली यायच्या. हे आमचं माहेर व्हतं बघा. वर गेलं की भिंतीपल्याडची रेल दिसायची. बदनापूरहून येणारी. वाटायचं, आलं कोणीतरी." तिनं दुसरी शेंग फोडली. "देवानं आपलं घर केलं तिथं. त्याला काय म्हणणार? पर आता तेबी काढून टाकायला निघाले. नागबी जाणार अन् चिंचबी जाणार. मंग आम्ही दुरून हात तरी कशाला जोडायचे?"

गिरिधर उभा होता.  बागेत सत्तावीस पाट्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही हे लिहिलेलं नव्हतं.

त्यानं डायरीचं पान फाडलं. हौदाच्या कठड्यावर ठेवून लिहिलं: हरकत. सदर चिंचेच्या ढोलीत नाग नाही. पूर्वीही नव्हता. तो मी सांगितलेला आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. लिहून झाल्यावर वाचलं आणि त्याला कानामागं गार वारा लागल्यासारखं वाटलं. इतकं छोटं होतं ते. एकोणीस वर्षांचा, मिशा असलेला, नळ बंद करणारा नाग, आणि तीन ओळींत मेला.

अकराला तृप्ती मॅडम आल्या. रोज बदनापूरहून गाडीनं येणारी, सव्वीस-सत्तावीसची मुलगी. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, हातात नकाशाची गुंडाळी, मागं फक्कीचं घमेलं घेतलेला मजूर. कडूबा खांद्यावर नवा कोरा जाड दोर घेऊन उभा. फांद्या तोडल्यावर खाली उतरवायला तो दोर कालच आणला होता. आखणी बघायला राधेश्यामशेठ आणि पाच-सहा फिरणारे थांबले होते. चतुराबाईनं कुठून कुठून बाया गोळा केल्या होत्या, दहा-बारा जणी, त्या गवतापासून लांब, घोळक्यानं.

तृप्तीनं कागद वाचला. परत वाचला. "सर, 'सांगितलेला आहे' म्हणजे?"

"म्हणजे मी बनवला. गोष्ट होती ती."

"बनवला?" राधेश्यामशेठ पुढं आले. "गिरिधरजी, हे काय बोलून राह्यले तुम्ही? मी या डोळ्यांनी पाहिला ना. बिलकुल समोर. फण्यावर दहाचा आकडा!"

"माझ्या नणंदेच्या पायावरून गेल्ता," एक बाई म्हणाली.

"झूठ कामून बोलता साहेब? झाड वाचवायला?" दुसरी म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. "चांगलं करून राह्यले तुम्ही. पर देवाला न्हाई म्हणू नये."

गिरिधरनं कडूबाकडं बघितलं. कडूबा खाली बघत होता. "मला पहिल्यापासून शंका व्हती साहेब," तो हळूच म्हणाला, "पर मी रोज वाटीभर दूध ठेवत आलो. मांजर पिती ते. म्हटलं, नाग न्हाई तर न्हाई, मांजराचं तरी चाललं."

"सर," तृप्ती म्हणाली, आवाज खाली आणून, "मागच्या महिन्यात सर्पमित्रालाही बोलावलं होतं. त्याला काहीच सापडलं नाही. तर लोक म्हणाले, जाणता नाग आहे, परक्याला दर्शन देत नाही. मला पण ही चिंच पाडायची हौस नाही. पण तुमच्या एका कागदासमोर चाळीस सह्या आहेत. त्या लोकांची भीती गेली तर मी नकाशा बदलायला मोकळी. नाहीतर वर काय लिहू? निरीक्षकांनी नाग बनवला, तो लोकांनी पाहिला?"

गंमत बघा. जन्मभर त्याचं खोटं बरोबर खपलं, आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलला तर कुणी घेईना. दुसरी एखादी थाप तयार होतीच त्याच्याकडं, जिभेवर आलीही होती. नाग गेला, काल पहाटे मी बघितला, नागिणीला घेऊन रेल्वेच्या रुळापलीकडं गेला. ती यांनी लगेच गिळली असती, आणि वर दक्षिणेला गेला की उत्तरेला यावर वादही घातला असता. चिंच मोकळी झाली असती. त्यानं तोंड उघडलं. आणि ते उघडंच राहिलं, कारण समोर चतुराबाई होती आणि तिचे डोळे मिटलेले नव्हते. हिला अजून एक नाग द्यायचा? निघून गेलेला, पण होता असा? पुढच्या पंचमीला ती दोर बांधताना मनात म्हणणार, परत तर येणार नाही ना.

त्यानं पायातले बूट काढले. का काढले, कुणास ठाऊक. चतुराबाईनं वाळूत काढल्या तसे, एकाला एक लावून ठेवले. आणि गवतात शिरला. गवत मांड्यांना लागत होतं, ओलं, आतून उष्ण. मागचा गलका एकदम बंद झाला. सात पावलं होती, पण ती संपेनात. चौथ्या पावलाला त्याला कळलं की तो घाबरलेला आहे. कशाला? ज्याला आपण तोंडानं घडवलं त्याला? पण एकोणीस वर्षं सांगितलं होतं. लांबी सांगितली होती, रंग सांगितला होता, अंधारात डोळे कसे चकाकतात ते सांगितलं होतं. इतकं सांगितल्यावर तो आला नसेल कशावरून? एखाद्याला रोज नावानं हाक मारावी, घर दाखवावं, दूध ठेवावं, तर येणार नाही का तो? चिंचेचा आंबट, गार वास आला. खोडावरची नोटीस वाऱ्यानं फडफडली. त्यानं शिट्टी दातात धरली, लहान मूल अंगठा धरतं तशी, आणि उजवा हात ढोलीत घातला.

मनगटापर्यंत वाळलेली पानं. कोपरापर्यंत गारवा, भुसभुशीत लाकूड. आणखी आत. खांदा खोडाला टेकला, गाल सालीवर दाबला गेला. आणि बोटांना ते लागलं. जाड. वेटोळं. एकावर एक वळसे, खरखरीत, थंड.

सगळं थांबलं. हौद, ढग, मागची माणसं. त्याला आपलं हृदय खोडातून ऐकू येत होतं. म्हणजे होता. म्हणजे खरंच आला होता, कधीतरी, आपल्याच बोलण्याच्या वाटेनं सरपटत. हात काढावा तर हलेना. बोटं मात्र त्याचं न ऐकता त्या वळशावरून सरकली, आणि तिथं पीळ होता. तीन पदरी पीळ. आणि टोक होतं, तुटलेलं, ब्रशासारखं फिसकारलेलं, विळ्यानं खर्र खर्र कापलेलं.

आणि मग त्याला आठवलं ते कुठं टाकलं होतं.

त्यानं ओढलं. आधी येईना, मग पानांचा धुरळा उडवत सगळंच्या सगळं बाहेर आलं, काळपट, वेटोळ्यावेटोळ्यांनी, त्याच्या हातातून गवतात सांडत. बाया किंचाळल्या. राधेश्यामशेठ हौदाच्या कठड्यावर चढले, जिथं चढू नये अशी पाटी होती. फक्कीचं घमेलं पालथं झालं. आणि गिरिधर ते डोक्यावर धरून उभा होता, तोंडात शिट्टी, डोळ्यांतून पाणी, आणि शिट्टीमुळं हसताही येत नव्हतं.

पहिली पुढं आली ती चतुराबाई. सरळ गवतातून, साडी न उचलता. तिनं ते टोक हातात घेतलं, चिमटीत चुरडलं, वास घेतला. मागं वळून ओरडली, "अगं भवान्यांनो, या इकडं! नाग कसला, आपलंच चऱ्हाट हाय हे! माझ्या दिरानं अंबाडीचं वळून दिल्तं, ही बघा गाठ!" मग गिरिधरकडं वळली.  त्याला वाटलं, आता ही शिवी देणार, आणि द्यावी. "एकोणीस साल," ती म्हणाली, "एकोणीस साल आम्ही आमच्याच झोक्याला दूध पाजलं व्हय साहेब?"

"हो, मावशी."

"मंग लई पुष्ट झाला असंल." आणि तिला हसू फुटलं. ते हसू त्या घोळक्यात शिरलं आणि मग कुणाचं कुणाला आवरेना. फक्त राधेश्यामशेठ कठड्यावरून सांगत होते की दहाचा आकडा मात्र त्यांनी पाहिला होता, तो दुसरा असणार.

तृप्तीनं नकाशा गवतावर पसरला. पेन्सिलीनं लाल अक्षरांचा चौकोन खोडला, फाटकाकडं नेला. मोकळ्या जागेत एक गोल काढला, झाडाचा. मग विचार करून गोलाखाली दोन उभ्या रेघा आणि एक आडवी. "पण सर, फांदी माणसाचं वजन घेईल का? तसं पाहून लिहावं लागेल मला."

"आता कोण बघणार ते?" चतुराबाई म्हणाली. "ज्यानं कापला त्यानं बसावं आधी. पडला तर साहेब पडंल, आमची बाई न्हाई."

कडूबा तर दोर घेऊन फांदीवर पोचलाही होता. फांद्या उतरवायला आणलेला तो नवा दोर त्यानं दोन वेढे देऊन बांधला, मजुरानं फळी दिली. गिरिधर नको नको म्हणत होता, म्हणजे म्हणायचा प्रयत्न करत होता. शिट्टी अजून दातांत होती आणि भीतीनं जबडा सुटत नव्हता. सत्तावन्न वर्षांचा माणूस अनवाणी त्या फळीवर बसला. पाठीवर दोन तळहात आले, शेंगा सोलून खरखरीत झालेले. त्यांची ऊब शर्टातून आत गेली.

"धरा घट्ट," चतुराबाई म्हणाली, "जेवलेय मी."

पहिला रेटा. पोट मागंच राहिलं. श्वास बाहेर पडला आणि शिट्टी वाजली, फुर्र. मागं येताना पुन्हा, फुर्र. बाया टाळ्या पिटायला लागल्या. बागेतले फिरणारे सवयीनं जागच्या जागी थांबले, आपलं काय चुकलं ते बघायला लागले. कुणी गवतावरून पाय काढला, कुणी फुलावरचा हात. फुर्र. फांदी करकरली, वाकली, आणि पेललं तिनं. तिसऱ्या की चौथ्या रेट्याला तो भिंतीच्या वर गेला. पलीकडं रूळ होते, ओली काळी रानं, आणि लांब बदनापूरकडून येणारी एक गाडी, एवढीशी, शेवाळी रंगाच्या शिवारातून सरकत. झोका वर जाऊन थबकला. त्या थबकण्यात गिरिधरनं डोळे मिटले. हात सोडून बघावेत का, असं त्याला एकदा वाटून गेलं.

सोडले नाहीत. त्याला आधी आष्टीला जायचं होतं, आक्काला आणायला.